टिकेल म्हटलं कोणी

मालकीणबाईंच्या सुनेला कपडा बघता येत नव्हता, फक्त दाखवता येत होता. नवा कपडा घरात आला की आधी खिडकीपाशी, मग आरशापाशी, मग मुद्दाम पांढरी रंगवून घेतलेल्या भिंतीपाशी. फोटो काढून झाले की तो अंगावरून उतरायचा आणि खुर्चीवर पडायचा, खुर्चीवरून पलंगावर, पलंगावरून कपाटाच्या तळाशी. दुसऱ्यांदा अंगावर चढला तर त्याचं नशीब. "अगं, परवाचा तो निळा कुठे गेला?" असं विचारलं तर म्हणायची, "आई, तो लोकांनी बघितलाय." जसं काही लोकांच्या नजरेने त्याला भोकंच पडली.

शिवण उलटी करून बघणं तिला माहीत नव्हतं. बटण एकेरी दोऱ्याचं की दुहेरी, अस्तर धरून बसलंय की नुसतं लोंबतंय, कशाशी देणंघेणं नाही. फोन पुसायला मात्र खास मऊ फडकं होतं. तोंड पुसायला हाताला लागेल ते.

मालकीणबाईंना हे बघवत नव्हतं. आणि जे बघवत नाही त्यावर तोंड मिटून बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

त्यांची लाँड्री होती. नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता आणि पदरात एक मोठं मशीन, एक इस्त्री आणि गल्लीच्या तोंडाशी एक गाळा, एवढंच होतं. शाळेची पाटी कधीच सुटलेली, पावतीवर सही करायची तरी हात जड व्हायचा. पण कपड्याच्या बाबतीत कोणी त्यांना फसवून गेला नाही. गिऱ्हाइकाने काउंटरवर कपडा ठेवला की मालकीणबाई अंगठा जिभेला लावायच्या, आतल्या शिवणीवर करकरून घासायच्या, उजेडाकडे धरून अंगठा बघायच्या आणि मागच्या खोलीकडे मान वळवून एकच शब्द ओरडायच्या. "टिकेल!" म्हणजे रंग पक्का आहे, टाक सगळ्यांबरोबर मोठ्या मशीनमध्ये. "वेगळं!" म्हणजे हा रंग सोडणार, याला एकट्याला बादलीत बुडव. मशीनच्या घरघरीत लांबलचक वाक्य मागे पोचायचंच नाही. त्या दोन शब्दांवर लाँड्री चालली, घर चाललं, मुलाचं शिक्षण झालं.

मागच्या खोलीत ते शब्द ऐकणारी चिमणी होती. अंगाने चांगली दणकट, दारातून आडवी निघावी अशी, पण आवाज एवढासा. म्हणून चिमणी. मालकीणबाईंच्या हाताखाली तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि मालकीणबाईंचे गुडघे बोलायला लागले तेव्हा लाँड्री तिनेच चालवायला घेतली. त्यांनी किल्ल्या तिच्या हातात दिल्या तेव्हा ती रडली होती. "रडतेस काय?" मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "मशीन आहे ते, सासर नाही."

तर सून. तिचे आपले व्हिडिओ चालायचे. ती वळायची, हसायची, केस उडवायची, आणि बघायला कोण, तर तिची बहीण आणि बहिणीच्या दोन मैत्रिणी. एक दिवस मुलाने नवा शर्ट आणला आणि मालकीणबाईंनी सवयीने अंगठा ओला करून तो घासला. "किती दिलेस रे याचे? याच्यापेक्षा आपल्या इस्त्रीच्या टेबलावरचं फडकं बरं! धुतलास की बाहीचा कोपर होईल आणि कोपराची बाही!" सून पलीकडे उभी होती, फोन तिच्या हातात नेहमीच असायचा. तिने ते टिपून नेटवर टाकलं.

आणि लोक येडे झाले.

आजीचा अंगठा, म्हणे. दुकानादुकानात पोरीबाळी अंगठा जिभेला लावून कपडे घासायला लागल्या. बसमध्ये बसल्यावर शेजारची बाई वळून म्हणायची, "तुम्ही त्याच ना?" औषधाच्या दुकानात माणूस रांग सोडून त्यांना पुढे घ्यायचा. मालकीणबाई वरवर फणकारायच्या, "काय मेलं कौतुक थुंकीचं," पण घरातून निघताना केस नीट बसलेत का ते आता दोनदा बघायच्या. आयुष्यभर ज्यांचे कपडे धुतले त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता बघत होते. हे कुणाला नको असतं?

मग खोकी यायला लागली. कपड्यांच्या कंपन्या आपणहून कपडे पाठवायच्या आणि वर सुनेच्या खात्यात पैसेही टाकायच्या. त्याच सुमाराला मुलगा नोकरीला होता ती शोरूम बंद झाली आणि तो घरी बसला. खोकी उघडणं, दिवे लावणं, कंपन्यांना उत्तरं देणं हेच त्याचं काम झालं. घरात नवा सोफा आला, नवा फ्रिज आला, सुनेच्या नखांना दर महिन्याला वेगळा रंग यायला लागला. मालकीणबाईंना वाटलं, आपल्या जिभेचं चीज झालं. स्वतःचे व्हिडिओ त्या कधी बघत नसत. "माझं तोंड मला माहीत आहे," म्हणायच्या.

त्या लाल ड्रेसचं खोकं आलं तेव्हाही असंच झालं. गर्द लाल, पायघोळ, कंबरेशी पट्टा. सुनेने दिवे लावले, मालकीणबाई खुर्चीत बसल्या, अंगठा ओला केला आणि शिवण घासली. अंगठा असा लाल झाला की जणू कापलाच.

"अगं बाई! बघ, माझा अंगठा बघ. पहिल्याच धुण्यात हा सगळा रंग सोडणार आणि शेजारच्या कपड्यांना पण घेऊन बुडणार. हे टिकेल असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःचे डोळे धुऊन घ्यावेत."

"छान झालं, आई," सून म्हणाली आणि दिवे बंद केले. मालकीणबाई मोरीत जाऊन अंगठा साबणाने घासत बसल्या. निघता निघेना.

पुढच्या महिन्यात त्या सहज गल्लीच्या तोंडाशी गेल्या, तर लाँड्रीचं शटर अर्ध्यावर आणि आत मशीन बंद. मशीन बंद म्हणजे काहीतरी मोठंच. त्या वाकून आत गेल्या. चिमणी उलट्या बादलीवर बसली होती. समोरच्या दोऱ्यांवर दवाखान्याचे डॉक्टरी कोट वाळत होते, एका ओळीत, सगळे गुलाबी. काहींवर पिवळट डाग, म्हणजे ब्लीच मारून बघितलं होतं आणि ते अंगाशी आलं होतं.

"काय गं हे? काय टाकलंस त्यात?"

चिमणीने पायाशी पडलेलं ओलं गाठोडं पायानेच पुढे सारलं. लाल ड्रेस. एक नाही, तीन-चार.

"सगळ्या बायका हाच घेऊन यायला लागल्यात," चिमणी म्हणाली. "व्हिडिओ बघून घेतला म्हणतात."

"मग बादलीत नाही का बुडवायचे? एवढी वर्षं काय केलंस इथे? नवशिकी आहेस?"

चिमणीने मान वर केली. "तू टिकेल म्हणालीस."

"मी?"

"माझ्या कानांनी ऐकलं. भाचीने फोन दाखवला. तू अंगठा लावलास आणि म्हणालीस, हे टिकेल. मी तिला म्हटलं सुद्धा, ही बघ, ही आपली मालकीण, काउंटरवरून ओरडतेय असं वाटतं की नाही?" तिचा एवढासा आवाज आणखी बारीक झाला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी रुमाल ओला करून चार वेळा घासला असता. पण तुझा शब्द आला होता गं. त्यावर मी कशाला रुमाल काढू?"

"मी म्हटलंच नाही तसं! मी उलट म्हटलं, हा रंग सोडणार!"

"ओठ तुझेच हलत होते," चिमणी म्हणाली.

दवाखान्याने काम काढून घेतलं होतं. दवाखाना म्हणजे लाँड्रीचा निम्म्याहून जास्त धंदा, हे मालकीणबाईंना कोणी सांगायला नको होतं. ते गिऱ्हाईक त्यांनीच जोडलेलं होतं, आणि त्यांच्या काळात त्या कोटांवर कधी निळीचाही डाग पडला नव्हता.

घरी येऊन त्यांनी चप्पल सुद्धा काढली नाही. "दाखव," सुनेला म्हणाल्या. "तो लाल दाखव."

सुनेने दाखवला. फोनमधल्या मालकीणबाईंनी अंगठा जिभेला लावला, शिवण घासली, आणि म्हणाल्या, "हे टिकेल." मग टाळ्या वाजल्या आणि वर चांदण्या पडल्या. संपलं. लाल अंगठा नाही, डोळे धुणं नाही, काही नाही.

मालकीणबाईंनी तो परत लावायला सांगितला. आणि परत. आपलं तोंड, आपला आवाज, आपला तो ठसकाही. कुठे शिवण दिसेना. इतकी वर्षं कपडे उसवले, पण असं कापून जोडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"बाकीचं कुठे गेलं?"

"आई, ते कसं ठेवणार?" सून शांतपणे म्हणाली. "कंपनीने पैसे दिलेत. त्यांच्याच कपड्याला वाईट कसं म्हणायचं? आणि मी तुमच्या तोंडात काही घातलेलं नाही. तुम्हीच म्हणालात ते."

"मी म्हणाले? अर्धं म्हणाले मी ते! माझा अर्धा शब्द विकलास तू?"

"आई, हळू," मुलगा म्हणाला. "अगं, सगळे असंच करतात. एडिटिंग म्हणतात त्याला."

"तू गप्प बस. तुला बोलायला शिकवताना मी एवढं कापलं असतं ना, तर आज नुसता 'आ' करून बसला असतास."

त्यांनी चिमणीचं सगळं सांगितलं. कोट, ब्लीच, दवाखाना. सुनेचे डोळे भरले. ती दगड नव्हती. "मला खरंच माहीत नव्हतं, आई. धुण्यात त्या शब्दाचा असा अर्थ असतो ते मला कसं कळणार?" तिने नाक पुसलं. "आणि मी काय करू? मी नटते, उभी राहते, तासन्‌तास उभी राहते, मला कोणी बघत नाही. तुम्हाला बघतात. तुम्ही नुसतं फिस्स केलंत तरी बघतात. ह्यांना नोकरी नाही. घर तुमच्या तोंडावर चाललंय, आणि तुमच्या तोंडावर माझा काही जोर नाही. मग कापण्याशिवाय माझ्या हातात आहे काय?"

मालकीणबाईंना या पोरीची पहिल्यांदा कीव आली, आणि तेवढ्यावरून रागही दुप्पट झाला.

"मग आता एक काम कर. मला परत बसव. मी खरं सांगते, आणि त्यातलं अक्षरही कापायचं नाही. लोकांना कळू दे. चिमणीला कळू दे. दवाखान्याला कळू दे."

सून नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं." मुलाने दिवे लावले.

मालकीणबाई त्या दिवशी मनापासून बोलल्या. लाल ड्रेस हातात धरून बोलल्या. हा घेऊ नका, घेतला असेल तर एकटा धुवा, माझ्या तोंडचं वाक्य तोडलंय, माझ्या मैत्रिणीचा धंदा बसला, मी टिकेल म्हटलेलं नाही, ज्याने माझा शब्द ऐकून ड्रेस घेतला त्याची मी माफी मागते. शेवटी त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी ड्रेस जमिनीवर आपटला. सुनेने एक अक्षर कापलं नाही. शब्द पाळला तिने.

दुसऱ्या दिवशी मुलगा फोन बघत हसत होता.

"काय झालं?"

"आई, लोक वेडे झालेत. ऐक ना. 'आजी पेटल्या.' 'आजींनी घेऊ नका म्हटलं म्हणून मी दोन घेतले.' 'काय अ‍ॅक्टिंग करतात, रडू पण आलं.' 'ड्रेस आपटला तिथे मी मेले हसून.'" तो बोट सरकवत होता. "कंपनीचा पण निरोप आलाय. खूश आहेत. म्हणतात, असंच ओरडू द्या, यातच जास्त खपतंय. आता हिरवा पाठवतायत."

 बाजूच्या खोलीतून तोच व्हिडिओ ऐकू येत होता, कोणीतरी त्यावर ढोल लावले होते. मालकीणबाईंची माफी ढोलावर नाचत होती.

त्या उठल्या आणि चिमणीकडे गेल्या. गाळ्यासमोर टेम्पो उभा होता आणि दोन माणसं मोठं मशीन फळीवरून सरकवत होती. चिमणी इस्त्रीची वायर गुंडाळत उभी होती.

"चिमणे, तू बघितलंस का मी काय बोलले ते? सगळं सांगितलं मी. तुझं नाव सोडून सगळं सांगितलं."

"बघितलं. भाचीने दाखवलं." चिमणीने वायरीला गाठ मारली. "तीही हसत होती."

"ते हसण्यासाठी नव्हतं! मी खरं बोलत होते. तुला माझा आवाज कळत नाही?"

चिमणीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, गिऱ्हाइकाने आणलेल्या अनोळखी कपड्याकडे बघावं तसं. "पूर्वी कळायचा," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हणालात तेव्हाही आवाज हाच होता. दुसऱ्यांदाही हाच. आता मी कुठला धरू? माझी काही तक्रार नाही, मालकीणबाई. तुमचं घर चाललं पाहिजे. मी भाचीकडे राहायला जाते, तिथे एक कोपरा आहे. तुम्ही घरी जा, ऊन लागेल तुम्हाला."

तुम्ही. इतक्या वर्षांत चिमणीने त्यांना कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. भांडताना नाही, पगार मागताना नाही, स्वतःच्या नवऱ्याला पोचवून आल्यावर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं तेव्हाही नाही.  मालकीणबाई आता जे बोलल्या असत्या ते तिला पुन्हा फोनमधलंच वाटलं असतं. टेम्पो गेला. मशीनच्या जागी फरशीवर एक पांढरा चौकोन राहिला, इतकी वर्षं कोणी न पुसलेला.

त्या दिवसापासून मालकीणबाई बोलेनाशा झाल्या. खुर्चीत बसायचं नाही म्हणाल्या नाहीत, कारण म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. हिरव्या ड्रेसचं खोकं आलं, त्यांनी पाठ फिरवली. मुलाने हात जोडले, सुनेने आवडीचं करून वाढलं, त्यांनी जेवून ताट उचललं आणि आपल्या खोलीत गेल्या. तोंडच बंद केलं म्हणजे कापणार काय, असा त्यांचा हिशोब. माझं एवढं तरी माझ्या हातात आहे. चिमणीला कधीतरी कळेल की मालकीण गप्प झाली. ती एवढी वर्षं ओळखते मला. मी गप्प बसले म्हणजे काय झालं असेल, ते ती बरोबर ओळखेल. या एका आशेवर त्या दिवस काढत होत्या. गप्प राहून त्यांचा घसा दुखायला लागला, बोलून कधी दुखला नव्हता.

एका सकाळी त्या दूध आणायला खाली उतरल्या, तर जिन्यात शाळेत निघालेल्या मुलींचा घोळका भेटला.

"आजी, कालचा हिरवा भारी होता! तुम्ही म्हणालात ना, 'याच्यापेक्षा आपलं फडकं बरं,' आम्ही कसल्या हसलो!"

कालचा? हिरवा? काल तर त्यांनी "हूं" सुद्धा केलं नव्हतं.

त्या दूध न घेताच वर आल्या. सून खिडकीपाशी बसून फोनवर बोटं फिरवत होती. मालकीणबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर त्याच होत्या. तोंड जुन्या शर्टाच्या दिवसाचं, अंगठा लाल ड्रेसच्या दिवसाचा, हातात मात्र हिरवा कपडा, तो कसा आला देव जाणे. फडक्याचं वाक्य आठ महिन्यांपूर्वीचं, शेवटचा चिरका आवाज माफीचा.

सुनेने वळून बघितलं. दचकली नाही. उलट मायेने हसली, उठली, त्यांना हाताला धरून नव्या सोफ्यावर बसवलं आणि चहाचा कप आणून हातात दिला.

"आई, तुम्ही काही मनावर घेऊ नका. तुमची तब्येत बरी नाही, कळतं मला. तुम्ही नाही बोललात तरी चालेल आता. तुमचं बोललेलं बरंच शिल्लक आहे. वर्षभर सहज पुरेल."

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. सुनेचा हात सवयीने फोनकडे गेला, आणि गेला तसा लाजून मागे आला. पण गेला होता.

"घे," मालकीणबाई म्हणाल्या. "घे तो फोन, हेही भरून ठेव, पुढच्या वर्षाला कामी येईल. सूनबाई, तू मला घराबाहेर काढलं नाहीस, उपाशी ठेवलं नाहीस, कधी उलटून बोलली नाहीस. तू वाईट असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते, भांडून जिंकले असते. तू फक्त माझी जीभ काढून घेतलीस आणि वर चहा आणून दिलास. आता मी ओरडले तरी ते खपतं, रडले तरी खपतं, गप्प बसले तरी खपतं. माझी या घरात कुणाला गरज उरलेली नाही, आणि मला जायला जागा नाही. मी मेले ना, तर चिमणीला निरोप पाठवू नकोस. तिला तेही खरं वाटायचं नाही."